टिकटिक की ठकठक

थंडीत परभणीचं नाव पेपरात येतं. कृषी विद्यापीठातला पारा एक आकडी झाला की लोकं तो आकडा एकमेकाला असा पाठवतात जसा काय घरच्या पोराचा निकाल लागलाय. तर अशाच एका डिसेंबरच्या शनिवारी, सकाळची शाळा म्हणून साडेसहालाच गाडी चालू केली आणि बोनेटच्या आतून टिकटिक टिकटिक असा आवाज यायला लागला. शेजारच्या खोलीत कुणीतरी शिलाई मशीन चालवतंय असा. मी दोन मिनिटं ऐकलं, ॲक्सिलेटर दाबला तर टिकटिक जोरात आणि पटापट, सोडला तर परत हळू. मग घड्याळ बघितलं आणि निघालो. सहा-सात किलोमीटर गेल्यावर आवाज गेलेला होता.

आणि तिथंच माझं चुकलं. आपोआप गेलेलं दुखणं माणूस दुखणं धरतच नाही ना. दुसऱ्या दिवशी परत टिकटिक, परत गेली. असं करत करत जानेवारी आला. तोवर मी सकाळी गाडीत बसलो की आधी गाणी लावायची आणि मग गाडी सुरू करायची असा शहाणपणा शिकलो होतो. बायको मात्र दोनदा म्हणाली, "वसमत रोडच्या सिग्नलला थांबलं की धुराचा वास येतो बघा आत." मी म्हणलं पुढं ट्रक आहे. पुढं खरंच ट्रक होता, आता काय करता. ॲव्हरेजही दीड-दोननं उतरलं होतं, ते मी थंडीवर ढकललं.

गाडी म्हणजे 2013 ची, तीन सिलिंडरची पेट्रोल, सेकंडहँड घेतलेली. तिच्याकडनं फार अपेक्षा नाहीत, पण शाळा ते घर, घर ते गाव आणि वर्षातनं एकदा तुळजापूर एवढं तिनं करावं असं आहे. म्हणून शेवटी सर्व्हिस सेंटरला नेली. नेली तेव्हा अर्थातच ती गरम होती. बोनेट उघडलं, तीन जणांनी कान दिले, टिकटिक गायब. दात दुखतोय म्हणून डॉक्टरकडं जावं आणि खुर्चीत बसल्यावर दुखायचा थांबावा तसं. "रात्रभर ठेवून जा सर." ठेवली. दुसऱ्या दिवशी दहाला फोन. टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या भागाचा आवाज आहे, हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, खोलावं लागेल, आत काय काय निघेल ते खोलल्यावरच कळेल, आत्ताच्या घडीला सत्तावीस हजार धरून चला. आपल्याकडं म्हणतात ना, बनी तो बनी, नाही तर परभणी. तसाच हिशोब.

मी कागद मागितला. जॉब कार्डवर छापलं होतं, 'अबनॉर्मल नॉइज फ्रॉम इंजिन'. काउंटरवर मी त्या पोराला चांगलं दहा मिनिटं सांगितलं होतं की टिकटिक आहे, थंड असताना आहे, ॲक्सिलेटर दिला की वाढते, गरम झाल्यावर जाते. त्यातलं एक अक्षर कागदावर नव्हतं. त्याचाही दोष नाही म्हणा, त्याच्या कॉम्प्युटरमध्ये आवाजाला दोनच खाने, नॉर्मल आणि अबनॉर्मल.

तो कागद वाचताना मला आप्पा आठवले.

आमचं गाव मानवतच्या बाजूला. जायकवाडीचा कालवा आहे, पण आमचं रान टेलला, कालव्याच्या पार शेवटाला, म्हणजे कालवा आहे एवढंच समाधान. सगळी भिस्त विहिरीवर आणि विहिरीवर किर्लोस्करचं पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन, हँडल मारून चालू करायचं. रान घरापासून हाकेच्या पलीकडं, तरी रात्री आप्पा अंगणात बाजेवर पडून त्याचा आवाज ऐकायचे. डुग, डुग, डुग असा जड आवाज चाललेला असायचा, पाणी ओढणाऱ्या इंजिनाचा. आणि मधेच कधी तरी तो आवाज हलका व्हायचा, क्षणभर पळायचा आणि मग रिकामा वाजायचा. आम्हा पोरांना कळायचंही नाही. आप्पा उठून बसायचे. "पाणी तुटलं." मग बॅटरी घ्यायची आणि चालायचं. विहिरीतलं पाणी खाली जाऊन पंपानं हवा धरलेली असायची नाही तर पाइपाच्या बुडाशी असलेल्या फूटव्हॉल्व्हमधे, ज्याला आप्पा कायम फुटबॉल म्हणायचे, काडीकचरा अडकलेला असायचा. पंपावरचा भार गेला की इंजिन हलकं होतं, पळायला बघतं आणि गव्हर्नर त्याचं डिझेल कमी करतो, एवढंच त्यात विज्ञान. ते मला खूप पुढं कळलं. आप्पांना गव्हर्नर हा शब्द माहीत होता की नाही शंका आहे, पण आवाज कशाचा यापेक्षा तो कधी बदलला याला त्यांच्याकडं किंमत होती.

आणि शब्द. इंजिन खाकरतंय, भुंकतंय, धापतंय, रडतंय, घरघरतंय. गावातल्या कुणालाही यातला एक शब्द सांगितला की तो पाना कोणता आणायचा ते ओळखायचा.

तर गाडी तिथनं काढली आणि गंगाखेड रोडला चाचांकडं नेली. चाचांचं गॅरेज म्हणजे एक कडुनिंब, त्याच्याखाली पत्रे आणि दोन पोरं जी त्यांना उस्ताद म्हणतात. मी सांगायला लागलो, सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात की टॅपेट... त्यांनी हात वर केला. "ते काय म्हणले ते नक्को गुरुजी. तुम्हाला काय ऐकू येतंय ते सांगा. टिकटिक, का टकटक, का ठकठक?"

मी चाट. आयुष्यभर पोरांना अनुकरणवाचक शब्द शिकवले, वर्गात पाच पाच उदाहरणं लिहून घेतली आणि हे कधी डोक्यात आलं नाही की टिक, टक आणि ठक यांत पाच-पंचवीस हजारांचा फरक असतो.

त्यांचं गणित असं. टिकटिक म्हणजे बारीक, वरचा, हलक्या वस्तूचा आवाज. व्हॉल्व्हची क्लिअरन्स, म्हणजे मोकळी फट, वाढली असेल, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर असेल, नाही तर कुठून तरी हवा निसटत असेल. टकटक म्हणजे जरा भरीव, पिस्टन सिलिंडरच्या भिंतीला थापतोय असं धरायचं, जुन्या गाडीत थंडपणी येते आणि पिस्टन गरम होऊन फुगला की जाते, तिच्यासोबत लोकं वर्षानुवर्षं गाडी चालवतात. आणि ठकठक म्हणजे खालून, पोटातून, दारावर मूठ मारल्यासारखी. ती पिस्टनला खालच्या मुख्य दांड्याशी, म्हणजे क्रँकशी, जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची. तिथं धातूला धातू लागत नाही, मधे तेलाचा पातळ थर असतो आणि सगळं त्याच्यावर तरंगतं, तो थर गेला की ठकठक. "ठकठक आली की चावी बंद. घरी जाऊन बघू म्हणायचं नाही."

हे मला पटायला उदाहरण शोधायची गरज नव्हती. आमच्या चुलतभावाची जीप. गेवराईच्या अलीकडं ऑइलचा लाल दिवा लागला, खालून ठोके यायला लागले आणि हा म्हणाला बीड काय पस्तीस किलोमीटर, जाऊ हळूहळू. हळूहळूच गेला, पण बीडच्या आधीच इंजिन जाम झालं. मग क्रँक, रॉड, बेअरिंग सगळं आणि दोन महिने जीप मिस्तरीच्या दारात. ऑइलचा दिवा पेट्रोलच्या दिव्यासारखा नसतो हे त्याला तेव्हापासून पाठ आहे. पेट्रोलचा म्हणतो लवकर बघ. ऑइलचा लागतो तेव्हा दाब आधीच गेलेला असतो.

चाचांनी पण गाडी रात्रभर ठेवूनच घेतली, मात्र म्हणाले सकाळी सातला तुम्ही पण या, मी एकटा ऐकून काय करू. गेलो. कडुनिंबाखाली शेकोटी, चहा, गाडीवर दव पडलेलं. आधी त्यांनी डिपस्टिक काढून बघितली, तेल बरोबर होतं. मग चालू केली. टिकटिक टिकटिक.

त्यांनी बोनेटच्या कडेवर बोटानं ताल धरला आणि म्हणाले हा आवाज अर्ध्या चालीचा आहे. मी घरी येऊन हे नीट समजून घेतलं. क्रँकच्या दोन फेऱ्या होतात तेव्हा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टची एक होते, म्हणून एक व्हॉल्व्ह दोन फेऱ्यांत एकदाच वाजतो. गाडी उभ्यानं आठशेच्या चालीवर असेल तर मिनिटाला चारशे टिक, सेकंदाला सहा-सात. म्हणजे तालावरनं बघितलं तर टॅपेटच. पण गंमत अशी की एका सिलिंडरचा धूरसुद्धा दोन फेऱ्यांत एकदाच बाहेर पडतो! तो सायलेन्सरच्या पाइपात जायच्या आधीच कुठल्या फटीतून निसटला तर तोही त्याच तालात टिक टिक करणार. सर्व्हिस सेंटरवाल्यांचा कान खोटा नव्हता, ते तालावरच थांबले.

चाचा थांबले नाहीत. त्यांच्याकडं दोन हत्यारं होती आणि दोन्ही मिळून शंभर रुपयाची नसतील. एक हातभर लांबीचा पेचकस आणि एक मीटरभर रबरी नळी. पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवायचं आणि मूठ कानाच्या पुढच्या हाडाला. धातूचा आवाज धातूतनं वर येतो. त्यांनी टोक व्हॉल्व्हच्या कव्हरवर टेकवलं, ऐकलं आणि मला दिलं. "ऐका." मी मफलर काढून ठेवला (हे महत्त्वाचं आहे, फिरत्या बेल्टजवळ मफलर, ओढणी, सैल बाही काही नको) आणि कान लावला. आत गिरणी चाललेली, पण एकसारखी. जी टिकटिक बाहेर एवढी वाजत होती ती पेचकसात जवळजवळ नव्हतीच.

मग नळी. नळीचं एक तोंड कानात आणि दुसरं हातात धरून ते इंजिनाभोवती फिरवत गेले, कशाला न टेकवता. मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरमधला धूर गोळा करणाऱ्या त्या गंजक्या लोखंडी हाताच्या, टोकापाशी आले आणि हसले. मला नळी दिली. कानात कुणीतरी फट फट फट फुंकत होतं. धातूचा आवाज पेचकसानं ऐकायचा आणि हवेचा नळीनं, इतकी साधी गोष्ट. डॉक्टरच्या गळ्यातली नळी बघत आयुष्य गेलं.

तरी त्यांचं समाधान झालं नाही. पोराला सांगून एकेक इंजेक्टरची वायर काढून बघितली. पहिल्या सिलिंडरची काढली, गाडी थरथरली, टिकटिक तशीच. दुसऱ्याची, तशीच. तिसऱ्याची काढली आणि टिकटिक जवळपास मेली. व्हॉल्व्हचा आवाज असता तर त्या सिलिंडरात स्फोट होवो न होवो, व्हॉल्व्ह उघडमिट करतच राहतो, आवाज राहिला असता. स्फोटाबरोबर गेला म्हणजे स्फोटाचाच. (असं केल्यावर चेक इंजिनचा दिवा लागतो, तो नंतर त्यांनीच घालवला.)

आणि मग माझी पाळी. एका गोणपाटाचा ओला बोळा माझ्या हातात दिला आणि मला गाडीच्या मागं उकिडवं बसवलं, सायलेन्सरचं तोंड दाबून धरायला. "दोन सेकंद गुरुजी, जास्त नक्को." जिल्हा परिषदेचा सहशिक्षक, इस्त्रीचा शर्ट, गंगाखेड रोडला सकाळी साडेसातला गाडीचं तोंड दाबतोय, तेवढ्यात आमच्या सातवीच्या वर्गातल्या एका पोराचे वडील दुधाचे कॅन घेऊन गेले आणि जाताना नमस्कारही करून गेले. मी एका हातानं केला. पुढून चाचा ओरडले, "हौ हौ, मिला!" मागची वाट बंद केली की धूर मिळेल त्या फटीतून जोर करतो, फटफट वाढते. वाढली.

इंजिन थंड झाल्यावर वरचा पत्रा काढला तर तिसऱ्या सिलिंडरपाशी जोडावर काजळ घातल्यासारखा काळा पट्टा आणि मॅनिफोल्ड हेडला आवळून धरणारा कडेचा एक आट्यांचा स्टड मोडलेला. मॅनिफोल्ड तापला की लांबीला वाढतो, थंड झाला की आखडतो, ही ओढाताण सगळ्यात जास्त कडेच्या स्टडवर येते म्हणून कडेचेच मोडतात. वर गरम लोखंडावर पावसाळ्यातलं खड्ड्यांचं पाणी. आणि गरम झाल्यावर आवाज जायचा कारण धातू फुगून फट मिटायची. रोज सकाळी उघडायची, रोज शाळेपर्यंत मिटायची.

बायकोचा धुराचा वास तोच. बोनेटखाली निसटलेला धूर काचेखालच्या जाळीतून एसीच्या हवेबरोबर आत येतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला स्वतःचा वास नसतो, वास येतो तो बाकीच्या धुराचा, म्हणजे तो वास आला हे नशीबच म्हणायचं. ट्रकचं नाव घेतलेला मी त्या दिवशी घरी जाऊन बरंच ऐकलं. आणि ॲव्हरेजही तिथंच गेलं होतं. त्या फटीतून जसा धूर बाहेर जातो तशी मधल्या मधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते, पुढं बसलेल्या ऑक्सिजन सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय आणि कॉम्प्युटर बिचारा जास्त सोडतो.

दुरुस्ती मी बसून बघितली, शाळेत अर्धी रजा टाकून. मोडलेला स्टड हेडच्या बाहेर दोन सूत उरला होता. हेड ॲल्युमिनियमचं, तिथं ड्रिल मारायला गेलं आणि हात हलला की आटे गेले, मग खरंच हेड खोला. चाचांनी आधी बॅटरीची वायर काढली, कारण पुढं वेल्डिंग होतं आणि कॉम्प्युटर उडू द्यायचा नव्हता. गंज सोडवायचं तेल मारून चहा प्याले. मग त्या दोन सुताच्या बुडख्यावर एक नट ठेवला आणि नटाच्या भोकातून वेल्डिंगचा टाका मारला. स्टड लाल झाला, निवला, त्या तापण्यानिवण्यातच गंजाची पकड सुटते म्हणे. पाना लावला. जोर दिला नाही, नुसतं पुढंमागं, पुढंमागं, थोडं तेल, परत पुढंमागं, दाढ हलवतात तसं. कटकन आवाज आला आणि माझं काळीज खाली गेलं, पण तो मोडल्याचा नव्हता, सुटल्याचा होता. चाचांनी मान वर न करता सांगितलं, "मोडला की कट होतंय. हे कटकन झालं." मला आजही त्यातला फरक सांगता येणार नाही.

नवा स्टड, नवी गॅस्केट, जोड घासून साफ, नट मधून सुरू करून कडेकडं आवळत नेले. एकोणीसशे रुपये झाले, त्यात वेल्डिंगवाल्याचे दोनशे. संध्याकाळी चालू केली, काही नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मुद्दाम उठून चालू केली, गाणी न लावता. काही नाही.

त्यानंतर मला सवयच लागली. मांजरसुंब्याच्या घाटात मागच्या महिन्यात चौथ्या गिअरमधे आळसानं गाडी रेटत होतो तर इंजिनातून तव्यावर फुटाणे उडावेत तसा आवाज आला. पूर्वी घाबरलो असतो, आता तिसरा टाकला, फुटाणे थांबले. कमी चालीवर जास्त भार पडला की पेट्रोल वेळेआधीच भडकतं त्याचा तो आवाज. बायको म्हणते तुम्ही आता माझं बोलणं सोडून सगळं ऐकता. असेल.

परवा गावी गेलो होतो. विहिरीवरचं इंजिन कधीच भंगारात गेलं, आता लाइटची मोटर आहे आणि तिला मोबाइलचं स्टार्टर. पाणी तुटलं की मोटर स्वतःच बंद होते आणि आप्पांना फोन येतो. आप्पा तो फोन उचलत नाहीत, कारण ऐकूच येत नाही, ऐंशीला आलेत, शेजारच्या खोलीत रिंग वाजत राहते आणि कुणीतरी पोरगं जाऊन बंद करतं. सकाळी निघताना मी गाडी चालू केली. आप्पा ओट्यावर चहा बशीत ओतून पीत होते. बशी खाली ठेवली.

"ते चीं चीं कशाचं रे?"

मी म्हणलं कशाचंच नाही, आप्पा, पाखरं असतील.

"पाखरू गाडीच्या तालात वरडत असतंय का?"

बोनेट उघडलं. होतीच, बारीक, बेल्टकडनं. तांब्यात पाणी आणलं, हात लांब ठेवून बेल्टच्या आतल्या, खाचांच्या बाजूला दोन-चार थेंब सोडले. पाण्यानं आवाज वाढला असता तर बेल्ट ढिला, घसरतोय असं धरायचं होतं. वाढला नाही. थांबला, अर्ध्या मिनिटानं बेल्ट सुकला आणि परत चीं चीं. म्हणजे ताण बरोबर आहे, कुठलीतरी पुली लाइनीत नाही.

"सोमवारी दाखवतो चाचांना," मी ओरडून सांगितलं.

आप्पांनी बशी उचलली. त्यांना ते ऐकू गेलं नव्हतं.